डिचोलीची इगर्ज, दिवाडीचा बिशप आणि मराठीचा खटला

गोव्यातील मराठीच्या प्रश्नावर सावंतवाडीस, दोडामार्गास वा बेळगावास सभा भरली की एक समीकरण हमखास ऐकू येते : देऊळ म्हणजे मराठी, इगर्ज म्हणजे कोकणी, आणि इगर्जेच्या मागे पोर्तुगीज. इकडे पणजीत वा मडगावात कोकणीवाद्यांची सभा भरली की हेच समीकरण उलट्या अंगाने मांडले जाते. मराठी ही देवळातून, कीर्तनातून आणि सह्याद्रीपलीकडून आलेली, गोमंतकीय ख्रिस्ती माणसाचा तिच्याशी संबंध काय? दोन्ही सभांतील वक्ते एकमेकांचे तोंड पाहावयास तयार नसतात. पण इतिहासाविषयीचे त्यांचे एकमत पाहून थक्क व्हावे. आमचे म्हणणे असे की हे समीकरण खोटे आहे, आणि डिचोली व पेडणे या दोन तालुक्यांत तर ते पहिल्या पानावरच कोसळते. आम्ही मराठीच्या बाजूचे आहोत. म्हणूनच हा लेख प्रथम आपल्याच बाजूस उद्देशून आहे. प्रतिपक्षाची चूक त्याच्या खर्चाने होते, आपली चूक मात्र आपल्या खर्चाने होत असते.

डिचोलीची फिरगज कृपेच्या सायबिणीची आणि पेडण्याची सेंट जोसेफची. रस्त्यावरून जाणारा मनुष्य त्या पांढऱ्या भिंतींकडे पाहतो आणि मनाशी म्हणतो, पोर्तुगीज आले, इगर्जी आल्या. तिसवाडी १५१० मध्ये आणि बारदेश-साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेली, तेथील इगर्जींविषयी असे म्हणणे बरेचसे खरे आहे. पण पेडणे त्यांच्याकडे कायमचे गेले ते १७८८ मध्ये, वाडीकर सावंत-भोसल्यांकडून. डिचोली व सत्तरी त्याच्या थोडे आधी, त्याच दशकात. म्हणजे बारदेश आणि पेडणे यांच्यामध्ये एक शापोरा नदी आहे आणि जवळजवळ अडीचशे वर्षे आहेत. त्या अडीचशे वर्षांत काय काय घडून गेले होते? धर्मन्यायालय १७७४ मध्ये एकदा बंद होऊन १७७८ मध्ये पुन्हा उघडले होते, पण त्याचे दात पडले होते, आणि १८१२ मध्ये ते कायमचे संपले. नव्या काबिजादीत प्रजेचे धर्म व रीतिरिवाज राखण्याची हमी द्यावी लागली होती. त्यामुळे साष्टीत जे झाले ते पेडण्यात झाले नाही. देवळे राहिली, मठ राहिले, महाजन राहिले. इगर्जी उभ्या राहिल्या त्या मुख्यतः शिबंदीसाठी आणि बारदेशातून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांसाठी. तेरेखोलच्या किल्ल्यातील सेंट अँथनीची इगर्ज पाहिली म्हणजे ही गोष्ट डोळ्यांना दिसते. ती तटाच्या आतच आहे.

पण डिचोलीच्या ख्रिस्ती इतिहासाचा आरंभ याहून जुना आहे, आणि तो पोर्तुगीजांनी केलेला नाही. तो पोर्तुगीजांच्या विरोधात झाला.

दिवाडी बेटावरील ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या घराण्यात सोळाव्या शतकाच्या अखेरीस मातेउस द कास्त्रो नावाचा मुलगा जन्मला. त्यास पाद्री व्हावयाचे होते. गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षा देण्यास नकार दिला. एतद्देशीयास, त्यातही त्या कुळातील मनुष्यास, तो मान देण्याची तेथील धर्मसत्तेची इच्छा नव्हती. मग या माणसाने जे केले ते आजच्या वाचकासही अचंबित करील. तो खुष्कीच्या मार्गाने पश्चिम आशियातून रोमला पोहोचला. रोममध्ये १६२२ साली प्रोपागांदा फीदे ही संस्था नुकतीच स्थापन झाली होती. पूर्वेकडील धर्मकार्य पोर्तुगालच्या राजाच्या मुठीतून सोडवून ते थेट पोपच्या हाती आणावे हा तिचा हेतू. तिला जसा मनुष्य हवा होता तसा हा स्वतःच्या पायांनी चालत आला. तेथे त्याने अध्ययन केले, दीक्षा घेतली, आणि १६३७ मध्ये तो बिशप झाला; लॅटिन पंथातील पहिला भारतीय बिशप. त्याच्या अखत्यारीस दिलेला प्रदेश होता ‘इदलखान’, म्हणजे विजापूरच्या आदिलशहाचा मुलूख.

गोव्याच्या आर्चबिशपने त्याचे अधिकारपत्र मान्य केले नाही. तेव्हा या बिशपने आपले ठाणे मांडले ते डिचोलीत. मांडवीच्या पलीकडे, आदिलशाही हद्दीत, गोव्याच्या राजधानीपासून हाकेच्या अंतरावर. तेथून तो एतद्देशीय तरुणांना दीक्षा देत असे, रोमला पोर्तुगीज पाद्र्यांविरुद्ध तक्रारी पाठवीत असे, आणि वेंगुर्ल्याच्या डच वखारीशी त्याचे संधान आहे असा गोव्याच्या सरकारचा वहीम होता. १६५३ मध्ये त्याने ‘एश्पेल्यु दुश ब्रामनिश’, म्हणजे ‘ब्राह्मणांचा आरसा’, हे पत्रक लिहून गोव्यातील ख्रिस्ती ब्राह्मणांस पोर्तुगीजांविरुद्ध उठण्याची चिथावणी दिली. पुढच्याच वर्षी विजापूरची फौज गोव्याच्या हद्दीत शिरली. या स्वारीमागे बिशपचा हात आहे, हा आरोप त्याच्यावर आला तो कायमचाच. शेवटी तो रोमला गेला आणि १६७७ मध्ये तेथेच वारला. १६६९ मध्ये विजापूरचे ते पद कुस्तोदिओ द पिन्यो या दुसऱ्या गोमंतकीयाकडे गेले होते.

आता वाचकांनी नकाशा पुढे घ्यावा. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे मंदिर सोळाव्या शतकात पाडले गेले आणि देव नदी ओलांडून डिचोली महालात नार्वे येथे आला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ पुन्हा बांधविले, याची शिलालेखात नोंद आहे. त्याच दिवाडीहून निघालेला ख्रिस्ती बिशप तीच नदी ओलांडून त्याच महालात आला, आणि त्याचेही कारण तेच होते : पैलतीरावर पोर्तुगीजांची सत्ता चालत नव्हती. नार्व्याची गोष्ट आमच्या प्रत्येक वक्त्यास तोंडपाठ आहे. डिचोलीच्या बिशपची गोष्ट एकासही ठाऊक नसते. हे अज्ञान आपोआप आलेले नाही. जी गोष्ट समीकरणात बसत नाही ती आपण वगळतो. वकिली भाषेत याला पुरावा दडपणे म्हणतात.

येथे आमच्या उत्साही मित्रांस एक इशारा द्यावासा वाटतो. कास्त्रोस उचलून मराठीच्या वा स्वराज्याच्या मखरात बसविण्याचा मोह कोणास होईल तर त्याने तो आवरावा. त्याचे पत्रक पोर्तुगीज भाषेत आहे. त्याचा अभिमान मराठीचा वा गोमंतकाचा नव्हता, आपल्या जातीचा होता. पोर्तुगीजांच्या उन्मत्तपणाचा त्याला जितका राग होता तितकाच इतर जातींविषयी त्याला तुच्छभावही होता. आम्ही त्यास साक्षीदार म्हणून बोलावतो आहोत, पुढारी म्हणून नव्हे. आणि साक्षही एकाच मुद्द्यापुरती : या प्रदेशात ख्रिस्ती असणे म्हणजे पोर्तुगीजांचे असणे नव्हे, ही गोष्ट सतराव्या शतकातच सिद्ध झालेली आहे.

भाषेच्या मुद्द्यावर साक्ष द्यावयाची ती दुसऱ्या माणसाने. इंग्लंडातून आलेला जेजुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि चाळीस वर्षे साष्टीत राहिला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलच्या छापखान्यात रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या. याच माणसाने कोकणी भाषेचे व्याकरण लिहिले, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले. ख्रिस्ती सिद्धान्ताचे प्रश्नोत्तररूप पुस्तकही त्याने कोकणीतच केले, ते १६२२ मध्ये निघाले. एकच लेखक, एकच धर्मप्रांत, एकच छापखाना. मुलांना धडा पाठ करून घ्यावयाचा तर कोकणी, आणि पुराण सांगावयाचे तर मराठी. दोन भाषांची ही विभागणी त्याने स्वतः शोधून काढली नाही. ती येथील समाजात चालतच होती. ख्रिस्ती झालेल्या माणसांनी जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी द्या अशी मागणी केली, आणि पुराण म्हटले की ते मराठीतच असावयाचे, एवढे तिला गृहीत होते.

आमचे वक्ते स्टीफन्सचे नाव घेतात ते त्याने मराठीचा गौरव केला म्हणून. कोकणीवादी घेतात ते त्याने कोकणीचे पहिले व्याकरण लिहिले म्हणून. दोघेही कलमाचा अर्धाच भाग वाचतात. पुराणाच्या गद्य प्रस्तावनेत स्टीफन्सने स्वच्छ सांगितले आहे की ग्रंथ मराठीत आहे, परंतु शुद्ध मराठीतील पुष्कळ शब्द येथील सामान्य लोकांस कळत नाहीत म्हणून येथील ब्राह्मणांच्या बोलीतले शब्द त्याने तीत मिसळले आहेत. यापेक्षा प्रामाणिक जबानी कोणत्या साक्षीदाराने दिली आहे? घरात एक भाषा, ग्रंथात दुसरी, आणि दोहोंमध्ये रोजची देवघेव. आज चारशे वर्षांनी पेडण्याच्या मनुष्याने आपल्या भाषेचे वर्णन करावयाचे ठरविले तर तो याहून वेगळे काही सांगेल असे आम्हांस वाटत नाही.

या पुराणाचा पुढचा प्रवास त्याहून बोलका आहे. १६१६ च्या आवृत्तीनंतर १६४९ व १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले, आणि त्या छापील प्रती नष्ट झाल्या. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांतून, आणि ती हस्तलिखिते जपली ती गोव्यातून कॅनरा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी. घरी कोकणी बोलणारी ही माणसे मंगळूरच्या परिसरात मराठी पुराणाच्या ओव्या गात राहिली. तेथेच १९०७ मध्ये सालढाणा यांनी त्याची आवृत्ती काढली. देवनागरीतील आवृत्ती बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्यात काढली, आणि पुढची १९९६ मध्ये वसईच्या ख्रिस्ती समाजातील द्राग यांनी. मंगळूर, पुणे, वसई. या यादीत पणजी नाही, म्हापसा नाही, आणि आपल्या सीमाभागातील एकाही मराठी संस्थेचे नाव नाही. दुसऱ्याच्या कपाळी ‘मराठीद्रोही’ असा शिक्का मारण्यापूर्वी या यादीकडे एकदा पाहून घ्यावे.

इगर्जेच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. १६०६ च्या धर्मपरिषदेने ठरविले होते की लोकांची भाषा न जाणणाऱ्या पाद्र्यास फिरगज देऊ नये. तो काळ स्टीफन्सचा. मग १६८४ च्या जून महिन्यात व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर याचा हुकूम निघाला की लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. त्याच वर्षाच्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजा बारदेश व साष्टीत होत्या, हे लक्षात ठेवले म्हणजे त्या हुकमामागची धास्ती समजते. १७४५ मध्ये आर्चबिशपने पोर्तुगीज येत नसेल तर विवाह लावू नये असे फर्मावले. हे हुकूम मराठीविरुद्ध नव्हते आणि कोकणीविरुद्धही नव्हते. ते येथील लोकांनी आपल्या जिभेने बोलण्याविरुद्ध होते, आणि त्यांचा वरवंटा फिरला तो ख्रिस्ती माणसावर. देवळांच्या मागोमाग भाषा नदीपलीकडे गेली, ती तेथे वाचली. जो काठावर राहिला त्याची पोथी गेली, शाळा गेली, लिपी गेली. त्याच्याकडे उरली ती घरची बोली, आणि तीही त्याने जपली. त्या माणसाच्या वंशजास आज आपण विचारतो, तुझी मराठी कुठे आहे? हा प्रश्न चोरी झालेल्या घरमालकास, तुझे दागिने कुठे आहेत, असे दरडावून विचारण्यासारखा आहे.

पेडणे व डिचोलीत हा वरवंटा फिरला नाही. येथील व्यवहार आदिलशाहीत, मग मराठ्यांच्या आणि सावंतांच्या अमलात मोडी लिपीतील मराठीत चालला आणि पोर्तुगीज आल्यावरही पुष्कळ काळ तसाच चालत राहिला. पणजीच्या पुराभिलेखागारात मोडी दप्तरांचा जो साठा आहे त्याची जाणीव इतिहासकारांस झाली ती प्रामुख्याने पांडुरंग पिसुर्लेकरांच्या कष्टांमुळे. आमच्या व्यवसायात हे मोडी कागद आजही हाती येतात : वाटणीपत्रे, गहाणखते, गावकारीच्या जमिनींच्या नोंदी. कागद लिहून घेणारा कोणत्या देवाचा भक्त होता याची मोडी लिपी चौकशी करीत नाही. नदीपलीकडून येऊन पेडण्यात जमीन घेणाऱ्या ख्रिस्ती मनुष्यासही, जमिनीचे मूळ कागद मोडीत असले तर, मोडी वाचणाराच शोधावा लागतो. आणि इगर्जेच्या बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या, मृत्यूच्या वह्या पोर्तुगीज भाषेत असल्या तरी त्यांतील वाड्यांची, शेतांची, बांधांची नावे आपलीच असतात. वारसाहक्काच्या कामात एका हाती ती वही आणि दुसऱ्या हाती मोडी खत घेऊन बसल्यावाचून पेडण्यातील जुन्या घराचा वंशवृक्ष पुरा होत नाही. ज्यांना या तालुक्यांचा इतिहास ‘हिंदूंचा’ आणि ‘ख्रिस्त्यांचा’ असा दोन गठ्ठ्यांत बांधावयाचा आहे त्यांनी असे एक तरी दिवाणी प्रकरण आरंभापासून शेवटपर्यंत चालवून पाहावे.

लोकांच्या श्रद्धेने तर हे गठ्ठे कधी बांधलेच नाहीत. डिचोली तालुक्यातील शिरगावची लईराई आणि म्हापशाच्या इगर्जेतील मिलाग्रीस सायबीण या सात बहिणींपैकी दोन, असे मानणारी माणसे दोन्ही धर्मांत आहेत, आणि त्या दोन स्थानांत तेल व मोगऱ्याच्या फुलांची देवघेव होत असल्याचे सांगतात. सावंतवाडीतील मिलाग्रीसचे नाव आपल्या वाचकांस परिचित आहेच. (लईराईच्या जत्रेस जाणाऱ्या आमच्या काही मित्रांस मिलाग्रीसचे फेस्त मात्र ‘त्यांचे’ वाटते, बहिणीबहिणींत असा भेद त्या दोघींनीही केल्याचे ऐकिवात नाही.)

मग समीकरण आले कुठून? ते जुने नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलातून आले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. पेडणे-डिचोलीने विलीनीकरणास कौल दिला, साष्टी-तिसवाडीने नाकारला. प्रश्न प्रदेशाच्या राजकीय भवितव्याचा होता, पण प्रचारात तो भाषेचा आणि धर्माचा करण्यात आला, दोन्ही बाजूंनी. त्या दिवसापासून मराठी ही एका बाजूची खूण ठरली. जी भाषा चार शतके सर्वांच्या ग्रंथव्यवहाराची होती ती एका मतपेटीच्या निकालाने अर्ध्या लोकांची झाली, आणि आपण तो निकाल अभिमानाने मिरवीत राहिलो.

यानंतर १९८७ चा राजभाषा कायदा. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेत तो संमत झाला. त्यातील व्याख्या आणि तिसरे कलम ज्यांनी नीट वाचले आहे त्यांस ठाऊक असेल की कोकणी म्हणजे देवनागरी लिपीतील कोकणी, ती राजभाषा. आणि मराठीचा वापरही सर्व वा कोणत्याही शासकीय कामासाठी करता येईल. आपल्या बाजूची तक्रार अशी की मराठीस वापर मिळाला, पद मिळाले नाही. ती तक्रार रास्त आहे. परंतु त्याच व्याख्येने आणखी एक तक्रारदार निर्माण केला, त्याच्याकडे आपण कधी वळून पाहिले नाही. रोमन लिपीत लिहिणारा, रोमन लिपीत प्रार्थना करणारा ख्रिस्ती कोकणी मनुष्य या व्याख्येतून बाहेर राहिला. म्हणजे एकाच कायद्याने दोन समाजांचा अपेक्षाभंग केला. दोघांच्या मागण्यांत कायदेशीर विरोध काहीच नाही. मराठीस राजभाषेचे पद दिल्याने रोमी लिपीचे काही जात नाही आणि रोमी लिपीस मान्यता दिल्याने मराठीचे काही जात नाही. तरीही हे दोन तक्रारदार कधी एका बाकावर बसले नाहीत. का? कारण एकाने दुसऱ्यास पोर्तुगीजांचा वारस मानले आणि दुसऱ्याने पहिल्यास महाराष्ट्राचा हस्तक.

आता कायद्याचा मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा सारा प्रपंच. राज्यघटनेच्या ३४५ व्या अनुच्छेदानुसार राज्याच्या विधिमंडळास राज्यात वापरात असलेल्या एक वा अनेक भाषा राजभाषा म्हणून स्वीकारता येतात. कसोटी आहे ती ‘वापरात असलेली’ ही. ३४७ व्या अनुच्छेदात लोकसंख्येच्या भरीव भागाची इच्छा ही कसोटी आहे. एकाही ठिकाणी धर्माचा उल्लेख नाही. तिसाव्या अनुच्छेदात धर्मावर आधारलेला अल्पसंख्य समाज आणि भाषेवर आधारलेला अल्पसंख्य समाज हे दोन वेगळे सांगितले आहेत, ते एक नव्हेत. बेळगाव-खानापूरच्या वाचकांस हे सांगावयाची गरज नसावी. ३५०-अ आणि ३५०-ब या अनुच्छेदांवर तेथे आपण इतकी वर्षे भर दिला तो भाषिक अल्पसंख्य म्हणूनच. महाराष्ट्र शासनाने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावाही भाषेच्या पायावरच उभा आहे. ज्या दिवशी आपण ‘मराठी ही हिंदू गोमंतकीयांची भाषा’ असे लिहून देतो, त्या दिवशी आपण भाषेचा दावा मागे घेऊन धर्माचा दावा दाखल करतो, आणि त्या दाव्यास घटनेत कलमच नाही. प्रतिपक्षाच्या वकिलास याहून अधिक काय हवे?

याउलट, मराठी या भूमीत धर्म ओलांडून वापरात होती हे दाखविणारा सर्वांत बळकट पुरावा कोणता? तो देवळांतील पोथ्यांत नाही. तो पुरावा प्रतिपक्ष एका वाक्यात बाजूस सारतो. सर्वांत बळकट पुरावा आहे राशोलच्या जेजुइट छापखान्यात १६१६ साली छापलेला, मंगळूरच्या ख्रिस्ती घरांत जपलेला ग्रंथ. जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला की न्यायालय त्याच्या खरेपणाविषयी अनुकूल गृहीतक करते. येथे ताबा प्रतिपक्षाच्याच घरचा आहे. असा पुरावा अशिलाच्या हाती असताना त्याने तो ‘आमच्या धर्माचा नाही’ म्हणून गटारात टाकला, तर त्या अशिलास काय म्हणावे हे आम्ही व्यावसायिक संयमामुळे येथे लिहीत नाही.

दोन आक्षेप येतील. पहिला कोकणीवाद्यांचा : पेडणे-डिचोलीच्या घरांत बोलतात ती कोकणी, मग मराठीचा दावा कसला? आमचे उत्तर असे की घरातील बोलीस आम्ही नाकारीत नाही. पेडण्याची बोली मालवणीच्या शेजारची आहे, तिचा हेल शापोऱ्याच्या अलीकडे-पलीकडे बदलतो, आणि तीत बोलताना आम्हांसही मोकळे वाटते. पण त्याच घरातील मनुष्य दशावताराचा काला पाहतो तो मराठीत, भजन करतो ते मराठीत, वर्तमानपत्र वाचतो ते मराठीत. मनुष्यास दोन भाषा असतात हे मान्य करावयास स्टीफन्ससारख्या परदेशी पाद्र्यास अडचण पडली नाही. आपल्या विद्वानांस ती का पडावी?

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा : इगर्जेने मराठीस कधी जवळ केले आहे? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन गेली तेव्हा गोव्यात मिस्सा कोकणीत आली, मराठीत नव्हे. हे खरे. पण गोव्यातील ख्रिस्ती माणसाची घरची भाषा कोकणी होती, मग ती कोकणीत यावयास नको होती काय? वसईच्या ख्रिस्ती समाजाची मराठी होती, तेथे ती मराठीत आली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्या वेळी कोणी कोणी कुरकुर केली आणि का केली, हे वाचकांस आठवत असेल. मराठीचे घर असे दाराशीच ओळखपत्र मागू लागले तर आत येणाऱ्यांची संख्या वाढावी कशी? १९९० मध्ये सरकारी अनुदान मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणापुरते मर्यादित झाले तेव्हा धर्मप्रांताच्या शाळांनी कोकणी माध्यम पत्करले होते, तेही देवनागरीत. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमासही अनुदानाचे दार उघडले, आणि तेव्हापासून मराठी व कोकणी दोन्ही शाळांचे बाक रिकामे होत आहेत. त्या बाकांवरून उठून गेलेली मुले एकाच धर्माची नाहीत. इंग्रजीपुढे दोघेही हरत असताना आपण मात्र कोण कोणाच्या आधी आला यावर व्याख्याने देत बसलो आहोत.

तेव्हा सीमेपलीकडील मंडळांस आमच्या तीन सूचना. आपल्या व्याख्यानमालेत या वर्षी एक दिवस ‘क्रिस्तपुराणा’स द्यावा, आणि त्यावर बोलावयास वसईचा वा मंगळूरचा ख्रिस्ती अभ्यासक बोलवावा, स्थानिक फिरगजेच्या विगारास निमंत्रण पाठवावे, तो आला नाही तरी. मोडी लिपीचे वर्ग भरविता तेव्हा त्यात रोमन लिपीतील जुनी मराठी वाचण्याचे दोन तास जोडावेत. मोडी येणारा तरुण ती लिपी आठवड्यात शिकेल. आणि गोव्यातील मराठीस राजभाषापद मिळावे म्हणून जी निवेदने आपण पाठविता, त्यांच्या पुढील मसुद्यातून ‘हिंदू गोमंतकीयांची’ हे दोन शब्द काढून तेथे ‘गोमंतकीयांची’ एवढा एकच शब्द ठेवावा. मसुदा आमच्याकडे पाठविल्यास उरलेली कलमेही तपासून देऊ. त्याची फी घेणार नाही.